रिव्हेट मारलेली किटली

"किटली आणलीस ना, काका?" वकीलबाईनं विचारलं, तसं मिस्त्रीनं मांडीवरचं फडक्याचं गाठोडं उचललं आणि आत मूल झोपलं असावं इतक्या हलक्या हातानं टेबलावर ठेवलं.

आत्या समोरच्या खुर्चीत बसली होती. उजवा हात मांडीवर, त्याच्यावर डावा. दादांनी सगळ्यांना जेवायच्या टेबलाशी बोलावलं होतं ते तिच्यासाठीच, आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त अवघडली होती तीच. लहानपणापासून या घरात भांडण उकरायचं आत्यानं, मिटवायचं दादांनी आणि मधल्यामध्ये मार खायचा धाकट्यानं, म्हणजे आताच्या मिस्त्रीनं, अशी वाटणी ठरलेली. आज बैठक तिच्यावरून भरली होती आणि तिलाच कोणी काही विचारत नव्हतं. असं कधी झालं नव्हतं.

वकीलबाई म्हणजे दादांची मुलगी. घरात तिला या नावानं हाक मारायला थट्टेनं सुरुवात झाली आणि तेच चिकटलं. फुटलेले कुकर, पेट घेणारे चार्जर, बसल्याबरोबर पाय टाकणाऱ्या खुर्च्या, अशा वस्तूंनी ज्यांना इजा झाली त्यांची कामं ती घ्यायची. "लोकांच्या मुली खुनाचे खटले चालवतात, आमची खुर्च्यांचे चालवते," असं दादा चारचौघांत म्हणायचे. आत्याचा हात भाजल्यापासून मात्र त्यांनी ही थट्टा एकदाही केली नव्हती.

आत्याचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं. त्या दिवशी शाळेतल्या एक बाई बेसिनवर मान टाकून बसल्या होत्या. थंड पाण्यात मिसळायला आत्या उकळतं पाणी घेऊन आली आणि किटली हातातून सुटली, हँडल तेवढं हातात राहिलं. किटली बाईंच्या तोंडावर जाणार हे दिसलं तसं आत्यानं हँडल टाकून तोच हात मध्ये घातला. बाईंच्या केसालाही धक्का लागला नाही. आत्याच्या अंगठ्याची आणि दोन बोटांची कातडी मात्र बरी होता होता आवळत गेली, आणि आता अंगठा बोटांपासून सुटा होत नव्हता. कात्री चालवायला तेवढंच तर लागतं. आणखी एक ऑपरेशन केलं तर हात उघडेल असं सर्जन म्हणाले होते. तो खर्च कंपनीनं उचलावा, म्हणून ही सगळी धडपड. कंपनीनं तर काखा वर केल्या होत्या. आमच्या किटलीचं हँडल असं निघतच नाही, तुम्हीच काहीतरी उचकटलं असेल, असं तिचं म्हणणं.

वकीलबाईनं गाठ सोडली. किटली समोर आली ती लख्ख पुसलेली, आणि हँडलच्या वर-खाली स्टीलच्या दोन पट्ट्या, रिव्हेट मारून बसवलेल्या. रिव्हेटची डोकी इतकी घासलेली की वरून बोट फिरवलं तरी कळू नये.

सगळे किटलीवर वाकले. मिस्त्रीला वाटलं, सगळे कामच बघतायत. "आता हिला धरून माणूस लटकला तरी हँडल निघायचं नाही," तो म्हणाला.

"काका," वकीलबाईचा आवाज अगदी बारीक झाला, "हे कधी केलंस?"

"त्याच दिवशी. तुम्ही सगळे हॉस्पिटलात होता. मला तिथं बसवेना. मग दुकानात गेलो, पाणी पुसलं, आणि..." त्यानं बहिणीकडे बघायचं टाळलं. "ताई परत आली की तिला ते तसं मोडून पडलेलं दिसायला नको, म्हणून."

"मी फोनवर सांगितलं होतं तुला, किटली जपून ठेव."

"जपूनच ठेवलीय की. फडक्यात."

खरं तर यात नवल काही नव्हतं. मोडकी वस्तू या घराण्यात कोणाला बघवतच नाही. या तिघांचे वडील कोणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी गप्पा मारता मारता त्यांच्या कपाटाचं बिजागर घट्ट करून यायचे. दादा हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, पण साहेबांचं टेबल डुगडुगत असलं की पायाखाली कागदाची घडी सरकवल्याशिवाय त्यांनी कधी सही मागितली नाही. आणि धाकट्यानं तर दुरुस्तीचं दुकानच टाकलं, तेव्हापासून त्याला घरातलेही मिस्त्रीच म्हणू लागले. नवी नवी लग्न होऊन आलेली वहिनी, म्हणजे दादांची बायको, एकदा म्हणाली होती, "या घरात रागानं कप फोडायचीसुद्धा सोय नाही. संध्याकाळपर्यंत कोणीतरी चिकटवून हातात आणून देतं."

दादा खुर्ची सरकवून उठले. "अरे, पुरावा होता तो! पुरावा! आणि तू त्याला पॉलिश मारून आणलंस?"

"मला काय माहीत, दादा..."

"तुला कधी काय माहीत असतं!"

"अहो, ओरडू नका त्याच्यावर," वहिनी म्हणाली. "मुद्दाम केलं का त्यानं?"

"मुद्दाम केलं असतं तर परवडलं असतं. निदान डोकं चालवलं असं तरी म्हणता आलं असतं."

वकीलबाईनं किटली हातात घेऊन सगळीकडून पाहिली. "त्यांचा वकील एवढंच दाखवेल," ती म्हणाली. "घरच्याच माणसानं उघडली, भोकं पाडली, पट्ट्या मारल्या. हे सगळं नंतर केलं की आधी, ते किटली थोडीच सांगणार आहे?"

दादा येरझाऱ्या घालता घालता थांबले. "रिव्हेट काढता येतात ना?"

"येतात. वरून ड्रिल मारलं की डोकं उडतं," मिस्त्री म्हणाला.

"मग उडव. पट्ट्या काढ, हँडल होतं तसं मोड, आणि विषय संपव."

मिस्त्री उभासुद्धा राहिला. "ड्रिल पिशवीतच आहे." असणारच. तो लग्नकार्यालाही ड्रिल घेऊन जायचा.

"बाबा, मी इथं बसलेय," वकीलबाई म्हणाली.

"मग पाच मिनिटं गॅलरीत जा. हवा छान आहे बाहेर."

आता वहिनीही नवऱ्याच्या बाजूला गेली, जे सहसा होत नसे. "जा गं. खोटं थोडंच करतोय आपण? मोडलीच होती ना ती?"

वकीलबाई उठली नाही, पण तिनं गॅलरीच्या दाराकडे पाहिलं. ते आत्याला बरोबर दिसलं. या मुलीच्या डोक्याला जन्मापासून दुसऱ्या कोणाची कात्री लागली नव्हती. तिची मान कुठं वळते यावरून तिच्या मनात काय चाललंय हे आत्याला मागून बघूनही कळायचं. आज पोरीची मान दाराकडे वळली होती ती आपल्यासाठी, हे ओळखून आत्याला भरून आलं. आणि नको, जाऊ नकोस, असंही वाटलं.

"नाही," शेवटी वकीलबाई म्हणाली. "भोकं कुठं लपवणार? आणि ती लपली तरी मी कुठं लपू? मी ज्यांच्याशी भांडते ना बाबा, ते हेच करतात. आपली खोट झाकतात आणि माणसाला खोटं पाडतात. काका, बस खाली."

मिस्त्री बसला. पिशवी पायांशी ठेवून त्यानं तिच्यावर पाय ठेवला, म्हणजे पुन्हा हात जायला नको.

"राहू दे मग हे सगळं," आत्या म्हणाली. इतक्या वेळात पहिल्यांदाच ती बोलली, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मी डाव्या हातानं शिकेन. नाहीतर दुकान देऊन टाकीन कोणाला तरी. माझ्यावरून तुम्ही आपसात..." दुकान देऊन टाकायचं ती मनातल्या मनात रोज म्हणत होती. पण आज ते पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं. त्या दुकानाशिवाय सकाळी उठून आपण कुठं जायचं, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

"कोणी काही देऊन टाकत नाही," वकीलबाई म्हणाली. तिनं पेन उघडलं. "दुरुस्ती झालीय, हे आपणच आधी सांगायचं. कोणी केली, कधी केली, का केली, सगळं. शाळेच्या बाईंनी हँडल निघताना पाहिलंय, त्या यायला तयार आहेत. काका, तू उघडलीस तेव्हा नेमकं कुठं तुटलं होतं?"

कामाचं विचारल्यावर मिस्त्रीच्या जिवात जीव आला. त्यानं किटली पुढं ओढली. "हे बघ. हँडल प्लास्टिकचं, आणि आत दोन खुंट्या. सगळा भार त्यांच्यावर. उकळलं की वाफ नेमकी तिथंच लागते. प्लास्टिक आतल्या आत ठिसूळ होत जातं, वरून काही दिसत नाही. वरची खुंटी आधी जाते, मग खालची. नेहमी वरचीच आधी."

"नेहमी?"

मिस्त्रीचा किटलीवरचा हात थांबला.

दादांना काही कळलं नाही, वहिनीलाही नाही. आत्याला कळलं. लहानपणी या पोराचे कान आधी लाल व्हायचे आणि मग तो खोटं बोलायचा, त्यामुळे त्याचं खोटं कधी टिकलंच नाही. आता त्याचे कान लाल झाले होते. आत्यानं "चहा टाकते" एवढं म्हटलं असतं तरी विषय तिथंच संपला असता. या घरातले निम्मे प्रश्न चहाखालीच गाडलेले आहेत. पण तिनं म्हटलं नाही.

"बोल," ती म्हणाली.

"दुकानात येतात अशा," मिस्त्री किटलीकडे बघत म्हणाला. "याच कंपनीच्या, याच मॉडेलच्या. हँडल हलतंय म्हणून लोक घेऊन येतात. मी पट्टी मारून देतो. मग काही होत नाही. परत आली नाही एकही."

"बऱ्याच आल्या?"

"बऱ्याच."

"आणि माझीही तीच आहे, हे ठाऊक होतं तुला?"

"होतं." तो पट्टीवरून अंगठा फिरवत राहिला. "तुझ्यासाठी पट्ट्या कापूनसुद्धा ठेवल्या होत्या. याच त्या. राहूनच गेलं, ताई."

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती. एरवी एव्हाना मिस्त्री गॅलरीत जाऊन "चोक ओढा" म्हणून ओरडला असता.

वकीलबाई भराभर लिहायला लागली आणि मग, आपण भराभर लिहितोय हे लक्षात येऊन, थांबली. "काका, हे सांगायला मलाच बरं वाटत नाहीये," ती म्हणाली. "पण यानं आपली केस उभी राहते. एक किटली मोडली तर ते म्हणतात, तुम्ही आपटली असेल. सगळ्या एकाच जागी मोडतात म्हणजे खोट बनवण्यातच आहे. ती गिऱ्हाइकं आपण शोधू. पण प्रत्येक किटली उघडून पाहिलेला माणूस तू एकटाच आहेस. तुला ग्राहक न्यायालयात येऊन सांगावं लागेल." तिनं पेन खाली ठेवलं. "आणि मग ते तुला विचारतील, माहीत होतं तर बहिणीला का सांगितलं नाही? सगळ्यांसमोर विचारतील. फिरवून फिरवून विचारतील."

"काही गरज नाही," दादा म्हणाले. मघाशी धाकट्याला फाडून खाणारे दादा आता त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. "त्याला तिथं उभं करायचं नाही. त्याच्यावर ओरडायचं तर मी ओरडेन, मोठा भाऊ आहे मी. परक्या माणसानं का ओरडायचं?"

"वा! आणि वन्संच्या हाताचं काय?" वहिनी उसळली. "तुम्ही भाऊ भाऊ एकमेकांना पांघरूण घाला. त्यांना साधं बटण लावता येत नाही. परवा मी लावून दिलं तर मला म्हणाल्या, 'वहिनी, कोणाला सांगू नका.' मी आज सांगतेय!"

आत्या उठून स्वयंपाकघरात गेली. मागे सगळे एकदम बोलायला लागले.

तिनं डाव्या हातानं पातेलं नळाखाली धरलं. पाणी कमी आणि ओटाच जास्त भिजला. तिला राग आला होता. हात भाजल्यापासून इतक्या दिवसांत तिला दुखलं होतं, रडू आलं होतं, भीती वाटली होती. राग असा आला नव्हता. कंपनीवर रागवायचं तर कंपनीला तोंड नव्हतं. आता राग आला तो नेमका त्याच्यावर, ज्याला कडेवर घेऊन तिनं सगळी गल्ली पालथी घातली होती.

"पाणी भरून देऊ?" मिस्त्री दारात उभा होता.

"नको."

तो तिथंच उभा राहिला.

"मला सांगितलं असतंस तर मी ती किटली फेकून दिली असती," आत्या नळाकडे तोंड करून म्हणाली. "एक वाक्य होतं रे. एक."

"हो."

"का नाही सांगितलंस?"

"माहीत नाही, ताई. खरंच माहीत नाही."

"मला फार राग आलाय."

"येऊ दे."

"येऊ दे काय? आणि तू रडू नकोस हं. तू रडायला लागलास की मला नीट रागवता येत नाही."

त्यानं बाहीला डोळे पुसले. आत्यानं पातेलं ठेवून नळ बंद केला. थोड्या वेळानं तो म्हणाला, "तिथं सांगितलं की सगळ्यांना कळेल."

"मला कळलं ना?" आत्या वळली. "मग आता आणखी कोणाला कळायची भीती आहे तुला?"

मिस्त्रीनं प्रामाणिकपणे विचार केला. "तशी कोणाची नाही."

इतके दिवस तो रोज दारापर्यंत येऊन फळं ठेवून जायचा, पण हाताकडे त्यानं एकदाही नीट पाहिलं नव्हतं. आता त्यानं तो हातात घेतला. आवळलेल्या कातडीवरून बोट फिरवलं, अंगठा जरासा मागे घेऊन पाहिला, आणि सवयीनंच विचारलं, "इथं अडतंय का?"

"हात आहे तो," आत्या म्हणाली. "सर्जनसाठी ठेव काहीतरी काम."

तो हसला, आणि मग तिलाही हसू आलं. राग गेला नव्हता. पण आता तो दोघांचा झाला होता.

दोघं बाहेर आली तेव्हा मिस्त्री सरळ जागेवर जाऊन बसला. "मी सांगतो तिथं," तो पुतणीला म्हणाला. "काय विचारतील ते आत्ताच विचारून घे. ऐन वेळी मला सुचायचं नाही."

वकीलबाईनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं मान हलवली. तशी वकीलबाई उठून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. "मी आता कंपनीची वकील. बाबा, तुम्ही न्यायाधीश." दादा न सांगताच ताठ बसले.

"तुमचा व्यवसाय काय?"

जन्मात पहिल्यांदा पुतणीनं 'तुम्ही' म्हटल्यावर मिस्त्रीनं आधी मागे वळून पाहिलं. "दुरुस्तीचा."

"या किटल्यांची हँडलं कमकुवत असतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"बहिणीच्या दुकानात तुम्ही जात होता?"

"दर महिन्याला. केस कापायला."

"म्हणजे ती किटली तुमच्या डोळ्यांसमोर होती." वकीलबाईचा आवाज कोरडा होत गेला, तो तसा ठेवायला तिला किती कष्ट पडतायत हे आत्याला दिसत होतं. "परक्या लोकांच्या किटल्या तुम्ही नीट करून दिल्या. सख्ख्या बहिणीसाठी पट्ट्या कापूनसुद्धा ठेवल्या. आणि तिच्या दुकानात बसून तुम्ही तिला एका शब्दानं बोलला नाहीत. का?"

"हा प्रश्न जरा..." दादा म्हणाले.

"न्यायाधीशांनी मध्ये बोलू नये."

मिस्त्री टेबलाकडे बघत बसला.

"दिवसभर माझ्यापुढं जे येतं ते मोडकंच असतं," तो हळूहळू म्हणाला. "घरी गेलो तरी मला तेच दिसतं, कुठं काय खिळखिळं झालंय ते. रस्त्यानं चालतानासुद्धा. फक्त तिच्या खुर्चीत बसलो ना, की ती म्हणते, मान खाली घाल. मी घालतो. मग ती आपली बोलत असते, कात्री चालू असते. तेवढा वेळ मला कुठंच काही मोडकं दिसत नाही. समोर किटली असेल, मी नाही म्हणत नाही. पण तेवढा वेळ मी मिस्त्री नसतो हो. धाकटा असतो."

वकीलबाईनं कागदावर पाहिलं. पुढचा प्रश्न तिथं लिहिलेला होता, तिच्याच अक्षरात, पण तो तिला वाचता येईना. न्यायाधीशांनी चष्मा काढला होता आणि ते तो कधीचे पुसत होते. वहिनी उठून खिडकीशी गेली.

आत्यानं आपली खुर्ची उचलली. एका हातानं नीट उचलता येईना, म्हणून फरशीवरून ओढत टेबलाच्या या बाजूला आणली आणि भावाच्या खुर्चीला लावून बसली.

"विचार गं पुढचं," ती भाचीला म्हणाली. "मी आहे त्याच्या शेजारी."